चांद्याच्या चुनखडकावरील ओरखडे : हिमस्तरांखालच्या मातीचा इतिहास

१/
चंद्रपूर म्हटले की ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा आणि दगडी कोळसा या दोन गोष्टी प्रथम आठवतात. याच जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रान्सिस फेडन यांना १८७२ साली चुनखडकाचा एक विलक्षण पृष्ठभाग आढळला. खडक घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर चरे होते. वर लहानमोठ्या गोट्यांनी भरलेला जुना चिखलथर होता. त्यातील काही गोट्यांवरही तसेच ओरखडे होते.

२/
नदी दगड गोल करते. त्यांच्यावर सरळ समांतर रेघा ओढत नाही. वारा वाळू उडवतो, पण मणामणाचे धोंडे हलवत नाही. गुळगुळीत तळ, समांतर चरे आणि वर चिखल व धोंड्यांचे मिश्रण, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसतात ती सरकत्या बर्फाखाली. परंतु विदर्भात बर्फ आला कोठून? आणि बर्फाखाली माती तयार होते तरी कशी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. दुसऱ्याचा शोध अजून चालू आहे.

३/
या शोधाचा प्रारंभ आल्प्समध्ये झाला. युरोपच्या मैदानांत ठिकठिकाणी परक्या खडकाचे प्रचंड धोंडे पडलेले असत. ते महापुराने वाहून आणले, असे विद्वान मानीत. स्वित्झर्लंडमधील लूर्तिए गावचा शिकारी झाँ-पिएर पेरोदँ याचे मत वेगळे होते. डोंगरात वावरताना त्याने हिमनद्यांजवळचे घासलेले खडक पाहिले होते. तसेच खडक बर्फापासून फार दूरही त्याला दिसत. पूर्वी हिमनद्या तिथपर्यंत पोचत असाव्यात, असे त्याने १८१५ मध्ये योहान शार्पांतिए यांना सांगितले. शार्पांतिए यांना ते पटले नाही.

४/
ज्यांना ते हळूहळू पटले ते अभियंता इग्नात्स व्हेनेत्स. त्यांच्या आग्रहामुळे पुढे शार्पांतिएही बदलले. शार्पांतिए यांना खोडून काढण्याच्या हेतूने आलेले लुई अगासिझ प्रत्यक्ष खडक पाहून त्याच मताचे झाले. २४ जुलै १८३७ रोजी न्यूशातेल येथे स्विस निसर्गशास्त्र संस्थेपुढे अगासिझ यांनी हिमयुगाची कल्पना मांडली, आणि १८४० मध्ये त्यांचा हिमनद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका डोंगरी शिकाऱ्याचे निरीक्षण पंचवीस वर्षांनी शास्त्र झाले.

५/
अगासिझ १८४० मध्येच स्कॉटलंडला गेले. तेथील शेतकरी एका चिवट, दगडांनी भरलेल्या मातीला 'टिल' म्हणत. नांगराला न जुमानणारी, ओली असता चिकट आणि वाळल्यावर विटेसारखी कठीण अशी ती माती होती. चार्ल्स लायेल आणि इतर अनेक भूवैज्ञानिकांचा कल असा होता की समुद्रात तरंगणारे हिमनग वितळून त्यांतील दगड व चिखल खाली पडले असावेत. १८६३ मध्ये आर्चिबॉल्ड गीकी यांनी मात्र ही माती जमिनीवरील बर्फानेच घडवली, असे साधार मांडले. शेतकऱ्यांचा शब्द तेव्हापासून शास्त्राचा शब्द झाला.

६/
टिल ओळखण्याची खूण सोपी आहे. पाणी आपला गाळ निवडून टाकते : वेग कमी होताच आधी गोटे, मग वाळू, शेवटी चिखल. म्हणून नदीच्या गाळात थर दिसतात. बर्फाला अशी निवड करता येत नाही. पिठासारखी धूळ आणि खोलीएवढा धोंडा तो सारख्याच सहजतेने वाहतो आणि एकत्रच टाकतो. टिलमध्ये म्हणून थर नसतात. त्यातील अनेक दगडांच्या बाजू घासून चपट्या झालेल्या असतात, आणि लांबट दगड बहुधा बर्फाच्या वाटचालीच्या दिशेने आडवे झालेले असतात.

७/
ही माती घडते कशी? तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली इतका दाब असतो की बर्फाचा वितळणबिंदू सुमारे दोन अंशांनी खाली येतो. खालून पृथ्वीची उष्णता आणि घर्षणाची उष्णता मिळत राहते. त्यामुळे अनेक हिमस्तरांच्या तळाशी पाण्याचा पातळ थर असतो. खडकाच्या उंचवट्यामागे दाब कमी होतो, तेथील भेगांत पाण्याचा दाब कमी-अधिक होत राहतो, भेगा वाढतात आणि खडकाचे तुकडे निखळतात. हे झाले उत्पाटन.

८/
निखळलेले तुकडे बर्फाच्या तळात अडकतात आणि सरकत्या बर्फाबरोबर खालचा खडक घासू लागतात. खडक कानशीने घासावा तसा झिजतो, आणि घासणारे दगडही झिजतात. त्यातून निघणारे बारीक पीठ म्हणजे शैलपीठ. हिमनदीतून उगम पावणाऱ्या प्रवाहांचे पाणी दुधाळ दिसते ते याच पिठामुळे. इरईचे चरे म्हणजे अशाच एखाद्या दगडाची चुनखडकावर उमटलेली वाटचाल.

९/
पुढे एक वेळ अशी येते की तळाशी घासणाऱ्या दगडाला पुढे ढकलण्यास बर्फाचा जोर अपुरा पडतो. दगड तिथेच रुततो, त्यामागे दुसरा अडकतो, फटींत शैलपीठ भरते. काही ठिकाणी तळचा मलिन बर्फ संथपणे वितळतो आणि त्यातील माल जागच्या जागी उतरतो. अशा रीतीने टिल साठते. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कथा साधारण इथेच संपत असे : बर्फ चालतो, माती मागे राहते.

१०/
आता पुन्हा भारतात. १८५५ मध्ये विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे दोन तरुण बंधू नव्याने स्थापन झालेल्या सर्वेक्षणात रुजू झाले. काम कोळशाचे होते. ओडिशातील तालचेर येथे कोळशाच्या थरांखाली त्यांना एक कोडे सापडले : अतिशय बारीक चिखलाच्या खडकात रुतलेले मोठमोठे धोंडे. धोंडा हलवील इतका जोरदार प्रवाह चिखल खाली बसू देणार नाही. चिखल बसू देणारा संथ प्रवाह धोंडा हलवणार नाही. सहकारी विल्यम थिओबाल्ड यांच्यासह त्यांनी उत्तर दिले : बर्फ.

११/
त्यांनी हिमनदीचे नाव लगेच घेतले नव्हते. नदीकाठी व किनाऱ्यावर गोठणारा, दगड धरून ठेवणारा बर्फ त्यांच्या डोळ्यांपुढे होता. तरीही उष्ण कटिबंधात, समुद्रसपाटीजवळ, कोणत्याही प्रकारचा बर्फ म्हणजे मोठेच धाडस होते. अनेकांनी ही कल्पना स्वीकारली नाही. धोंड्यांवर ओरखडे नाहीत आणि तळाचा घासलेला खडक कोणी दाखवलेला नाही, हे आक्षेप रास्त होते.

१२/
इरईचे महत्त्व इथे आहे. फेडन यांना तेथे धोंड्यांवरचे ओरखडे आणि त्यांखालचा घासलेला तळ, दोन्ही एकाच जागी मिळाले. सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांच्याच कारकिर्दीतील हा शोध १८७५ मध्ये सर्वेक्षणाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जे अनुमान ओडिशातील गाळावरून केले गेले, त्याची साक्ष विदर्भातील चुनखडकाने दिली. तालचेरचे थर आज सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. खालचा चुनखडक त्याहून कितीतरी जुना.

१३/
भारत एकटा नव्हता. दक्षिण ऑस्ट्रेलियातील इनमन खोऱ्यात आल्फ्रेड सेल्विन यांनी १८५९ मध्ये असाच घासलेला खडक नोंदवला होता. दक्षिण आफ्रिकेतील ड्वायका थरांविषयी पीटर सदरलँड यांनी १८७० च्या सुमारास हाच निष्कर्ष काढला. दक्षिण अमेरिकेतही असे थर निघाले. सगळे साधारण एकाच काळातले. काही ठिकाणचे चरे तर असे दाखवत की बर्फ आजच्या समुद्राच्या बाजूने जमिनीवर चढून आला. खंड स्थिर धरले, तर याचा अर्थ लागत नव्हता.

१४/
अर्थ लागला तो खंड हलवल्यावर. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रांकफुर्ट येथे आल्फ्रेड वेगेनर यांनी भूखंडवहनाची कल्पना मांडली. हे सर्व प्रदेश एकत्र जोडून दक्षिण ध्रुवाभोवती ठेवले की विखुरलेले ओरखडे एका विशाल हिमक्षेत्रात बसत. त्या जोडभूमीला एडुआर्ड झ्यूस यांनी आधीच नाव दिले होते : गोंडवाना. ते नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून आलेल्या खडकसमूहाचे. स्वतः वेगेनर नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या हिमस्तरावर मरण पावले. त्यांची कल्पना सर्वमान्य व्हायला आणखी तीन-चार दशके गेली.

१५/
मात्र बर्फाखाली नेमके काय घडते, हे कोणी पाहिले नव्हते. १९५७ मध्ये योहानेस वीर्टमन यांनी हिमनदीच्या सरकण्याचे गणित मांडले. बर्फ उंचवट्यापुढे दाबाने वितळतो, पाणी मागे जाऊन पुन्हा गोठते, आणि मोठ्या उंचवट्यांवरून बर्फ स्वतः वाकून पुढे जातो. या गणितात तळ कठीण खडकाचा होता. पण युरोप व उत्तर अमेरिकेचे विस्तीर्ण भाग तर मऊ टिलने झाकलेले. बर्फ त्या चिखलावर बसला असता, चिखल गप्प राहिला असेल काय?

१६/
जेफ्री बोल्टन यांनी हा प्रश्न आइसलँडमधील ब्रेदामेर्कुरयोकुल या हिमनदीला विचारला. तिच्या कडेजवळ बर्फात भुयार खणून त्यांनी तळच्या टिलमध्ये तुकड्यातुकड्यांच्या कांड्या रोवल्या. काही दिवसांनी उकरून पाहिले, तर वरच्या सुमारे अर्ध्या मीटरमधील तुकडे बर्फाच्या दिशेने पुढे सरकले होते. खालचे जवळजवळ जागच्या जागी. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तळाशी होणाऱ्या हालचालीचा जवळपास ९० टक्के भाग मातीच्या विरूपणाचा होता. बर्फ मातीवरून कमी घसरत होता. माती स्वतःच बर्फ घेऊन चालली होती.

१७/
विरूपण म्हणजे आकार बदलणे. चिखलाचे बळ त्याच्या कणांच्या एकमेकांवरील घर्षणातून येते. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढून वरच्या बर्फाच्या भाराच्या जवळ आला, की तो भार कण पेलत नाहीत, पाणी पेलते. घर्षण घटते आणि माती मऊ होते. शिवाय कण एकमेकांवरून सरकताना त्यांना फुगावे लागते, जागा लागते. ओल्या किनाऱ्यावर पाऊल टाकताच भोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, ती याचमुळे : फुगलेल्या वाळूने पृष्ठभागावरचे पाणी आत ओढलेले असते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले होते.

१८/
एका लहान हिमनदीच्या कडेवर जे दिसले, ते अंटार्क्टिकावर खरे ठरेल का? पश्चिम अंटार्क्टिकात काही हिमप्रवाह वर्षाला शेकडो मीटर धावतात. दोन्ही बाजूंचा बर्फ मात्र जवळजवळ स्थिर. त्यांचा उतार इतका अल्प की वेगाचे कारण कळेना. 'हिमप्रवाह बी' या नावाच्या प्रवाहावर डोनाल्ड ब्लँकनशिप, चार्ल्स बेंटली, रिचर्ड ॲली आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम भूकंपलहरी सोडल्या. सुमारे एक किलोमीटर बर्फाखाली, सरासरी पाच-सहा मीटर जाडीचा, पाण्याने भरलेला मऊ थर लहरींनी दाखवला. हे शोधनिबंध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९/
दोन-तीन वर्षांत बार्कले कॅम्ब आणि हर्मन एंगेलहार्ट यांच्या चमूने गरम पाण्याच्या झोताने बर्फाला आरपार छिद्र पाडले आणि तळची माती वर काढली. ती खरोखर टिलच निघाली. तिची मजबुती सुमारे दोन किलोपास्कल भरली. उभा माणूस आपल्या तळव्यांनी जमिनीवर याच्या कितीतरी पट दाब देतो. एक किलोमीटर उंचीचा बर्फ अशा मातीवर उभा होता, आणि त्याला आवरण्याचे काम तळाहून अधिक दोन्ही बाजूंच्या कडा करत होत्या. या प्रवाहाला पुढे हिमशास्त्रज्ञ इयन व्हिलन्स यांचे नाव देण्यात आले.

२०/
मग वाद उभा राहिला. बोल्टन यांच्या मांडणीत टिल काकवीसारखी वाहते : जोर वाढवला की वेग वाढतो. कॅम्ब यांच्या नमुन्यांनी वेगळे सांगितले. ठरावीक मर्यादेपर्यंत टिल हलत नाही; मर्यादा ओलांडली की सरकते, आणि मग वेग कितीही वाढला तरी तिचा विरोध फारसा वाढत नाही. नील आयव्हर्सन यांच्या प्रयोगशाळेतील वर्तुळाकार यंत्रांनी हाच निष्कर्ष पुष्ट केला. स्वीडनमधील स्टोरग्लेसियरेन हिमनदीखाली तर असेही दिसले की पाण्याचा दाब फार वाढला की बर्फ मातीपासून सुटतो आणि मातीला न ओढता वरून घसरतो.

२१/
हा फरक शाब्दिक नाही. तळ काकवीसारखा असेल, तर वेग वाढताच विरोधही वाढून बर्फ आवरला जाईल. तळ दुसऱ्या प्रकारचा असेल, तर पाण्यात किंचित बदल होताच प्रवाह धावू लागेल किंवा थबकेल. व्हिलन्सशेजारचा, आता कॅम्ब यांच्या नावाने ओळखला जाणारा हिमप्रवाह सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जवळजवळ थांबला. तळचे पाणी कमी होऊन माती घट्ट झाली, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. २०२० मध्ये लुकास झोएट आणि आयव्हर्सन यांनी प्रयोगांच्या आधारे घसरणे आणि विरूपण एकत्र धरणारा नवा नियम मांडला.

२२/
बर्फाखालची माती किती चपळ असते, याचे आणखी एक उदाहरण. ड्रमलिन म्हणजे उलट्या ठेवलेल्या चमच्याच्या आकाराच्या टिलच्या टेकड्या. त्या घडायला फार मोठा काळ लागत असावा, असा समज होता. अंटार्क्टिकातील रटफर्ड हिमप्रवाहाखालच्या तळाची १९९१, १९९७ आणि २००४ मध्ये लहरींनी पाहणी झाली. आधी तळ वर्षाला सुमारे एक मीटर वेगाने खरवडला जात होता. नंतर त्याच भागात सुमारे १० मीटर उंचीचा उंचवटा तयार झालेला आढळला. एका माणसाच्या नोकरीच्या काळात बर्फाखाली टेकडी उभी राहिली.

२३/
टिल केवळ बर्फाचे वाहन नाही. ती दप्तरही आहे. व्हिलन्स प्रवाहाखालून काढलेल्या मातीत रीड शेरर आणि सहकाऱ्यांना समुद्री डायटम शैवालांचे सूक्ष्म अवशेष सापडले. ते प्लाइस्टोसीन काळातले, म्हणजे भूशास्त्राच्या मापाने अगदी अलीकडचे होते. त्या शैवालांना प्रकाश आणि उघडे पाणी लागते. आज जिथे एक किलोमीटर बर्फ आहे, तिथे त्या काळात केव्हातरी समुद्र होता, असा निष्कर्ष त्यांनी १९९८ मध्ये मांडला. जॉन मर्सर यांनी १९७८ मध्येच इशारा दिला होता की तापमानवाढीत पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ कोसळू शकतो. तसे झाल्यास जगातील समुद्रपातळी तीन मीटरांहून अधिक वाढेल. मुंबईच्या किनाऱ्याचे भवितव्य त्या दूरच्या चिखलाशी असे बांधलेले आहे.

२४/
या ज्ञानाच्या उजेडात तालचेरचे थर पुन्हा वाचले जातात. त्यांतील प्रत्येक धोंडाथर बर्फाच्या तळाशी घडलेला नाही. काही माल उतारावरून घसरला, काही वितळलेल्या पाण्याने पसरवला, काही तरंगत्या हिमनगांतून खाली पडला. छत्तीसगडमधील मनेंद्रगढ येथे तर या थरांबरोबर समुद्री जीवाश्म मिळतात. म्हणजे लायेल सर्वस्वी चुकले नव्हते, आणि नुसता गोट्यांचा चिखल पाहून हिमनदी ओळखता येत नाही. म्हणूनच इरईसारखा घासलेला तळ मोलाचा. बर्फ इथे जमिनीला टेकला होता आणि तिच्यावरून सरकला होता, हे तो नि:संदिग्धपणे सांगतो.

२५/
वर्धा खोऱ्यात तालचेरच्या हिमकालीन थरांवर बराकर थर येतात आणि त्यांत कोळसा आहे. बर्फ मागे हटला, हवा उबदार झाली, दलदलीत अरण्ये वाढली आणि गाडली गेली. घुग्गुस आणि बल्लारपूरच्या खाणींतून निघणारा कोळसा हा त्या अरण्यांचा अवशेष. त्याच जिल्ह्यातील चुनखडक सिमेंटच्या भट्ट्यांत जातो. कोळसा आणि चुनखडक या दोन्हींना बाजारभाव आहे; त्या दोहोंच्या मधल्या ओरखड्यांना नाही. ३० कोटी वर्षे टिकलेला असा पृष्ठभाग फोडायला एक सुरुंग पुरतो, आणि फुटलेला तळ पुन्हा घडवायला पुन्हा एक हिमयुग लागेल.